सोलोमन पेकार (१९१७–१९८५) : पोलॅरॉन, रंगकेंद्रे आणि कीव्ह घराणे

अर्धवाहक

पोलॅरॉन (स्फटिकाची जाळी आपल्याभोवती वाकवून ती विकृती सोबत घेऊन फिरणारा इलेक्ट्रॉन) हा शब्द एमएस्सीच्या वर्गात एका तासापुरता येतो आणि जातो. त्यातही फ्रोलिश आणि फाइनमन यांची नावे लक्षात राहतात. ज्याने हा शब्द घडवला तो माणूस तळटीपेत सापडला तर सापडला. म्हणून हा धागा.

सोलोमन पेकार यांचा जन्म १६ मार्च १९१७ रोजी कीव्हमध्ये झाला, मृत्यूही तिथेच, ८ जुलै १९८५ रोजी. १९३८ मध्ये कीव्ह विद्यापीठातून पदवी, त्यानंतर युक्रेनच्या विज्ञान अकादमीची भौतिकी संस्था. सुरुवातीचे काम धातू आणि अर्धवाहक यांच्या सांध्यावर, म्हणजे तिथे प्रवाह एकाच दिशेने सहज का जातो यावर होते. १९६० मध्ये कीव्हला अर्धवाहकांसाठी वेगळी संस्था निघाली. लाश्कारोव तिचे संचालक, आणि सैद्धांतिक विभाग पेकारांकडे. १९६१ मध्ये ते युक्रेनच्या अकादमीचे पूर्ण सदस्य झाले.

आता मुख्य काम. १९३३ मध्ये लांडाऊ खारकीव्हला होते. तिथूनच निघणाऱ्या जर्मन भाषेतल्या नियतकालिकात त्यांनी जेमतेम दोन पानांचे टिपण छापले: इलेक्ट्रॉन आपल्या आजूबाजूची आयनांची जाळी वाकवून स्वतःच तिच्यात अडकू शकतो. कल्पना होती, हिशेब नव्हता. तो १९४६ मध्ये पेकारांनी केला. एकेका आयनाच्या मागे न लागता त्यांनी सगळा स्फटिक सलग परावैद्युत पदार्थ मानला आणि त्याच्या ध्रुवणाचे दोन हिस्से केले. आयनांमधल्या इलेक्ट्रॉनांचे ध्रुवण चपळ असते, ते फिरत्या इलेक्ट्रॉनाबरोबर लगेच बदलते. त्याने इलेक्ट्रॉनाला अडकवणारा ऊर्जेचा खड्डा पडत नाही. आयन मात्र जड. ते सरकतात तेव्हा इलेक्ट्रॉनाच्या सरासरी वावराकडे बघून सरकतात आणि तसेच राहतात. खड्डा पडतो तो या दुसऱ्या हिश्श्याने. म्हणून सगळ्या सूत्रांत एकच राशी डोकावते: एक भागिले उच्च वारंवारतेचा परावैद्युतांक, वजा एक भागिले स्थिर परावैद्युतांक. पोटॅशियम क्लोराइडसाठी हे आकडे २.२ आणि ४.५ धरले तर उत्तर ०.२३२.

१९४८ मध्ये लांडाऊ आणि पेकार यांनी मिळून अशा इलेक्ट्रॉनाचे परिणामी वस्तुमान काढले, म्हणजे खड्ड्यासकट फिरताना तो किती जड वाटतो ते. १९५१ मध्ये पेकारांचे स्फटिकांच्या इलेक्ट्रॉन सिद्धान्तावरचे रशियन पुस्तक आले, १९५४ मध्ये त्याची जर्मन आवृत्ती बर्लिनला निघाली. पश्चिमेकडे हे काम पोचले ते बरेचसे या आवृत्तीमुळे.

बाकीचे जाणकारांनी भरावे.

खडीसाखर

चांगला धागा. एक भर घालतो, कारण पेकारांच्या सिद्धान्तातला सगळ्यात देखणा भाग हाच आहे. तीव्र जोडणीच्या टोकाला (म्हणजे इलेक्ट्रॉन आणि जाळी यांची एकमेकांवरची पकड फार घट्ट असते तेव्हा) ऊर्जेचे चार आकडे १ : २ : ३ : ४ या प्रमाणात येतात. इलेक्ट्रॉनाची गतिज ऊर्जा १ धरली तर जाळी वाकवायला लागलेली ऊर्जा २, इलेक्ट्रॉनाची पातळी उणे ३, इलेक्ट्रॉन आणि जाळी यांची परस्पर ऊर्जा उणे ४. एकूण बेरीज उणे १.

कारण साधे. तरंगफल आक्रसले की गतिज ऊर्जा लांबीच्या व्यस्त वर्गाने वाढते आणि ध्रुवणाची ऊर्जा फक्त व्यस्त प्रमाणात. तोल साधायचा तर दुसरी पहिलीच्या दुप्पट असावी लागते. बाकीचे आकडे त्यातूनच.

याचा अर्थ असा, की पोलॅरॉन उष्णतेने फोडायला जितकी ऊर्जा लागते त्याच्या तिप्पट प्रकाशाने फोडायला लागते. प्रकाश इलेक्ट्रॉनाला क्षणात उचलतो, आयनांना हलायला सवडच मिळत नाही, रिकामा खड्डा मागे उरतो आणि त्याची २ एकक ऊर्जा मग जाळीत उष्णता होऊन जिरते.

मृगजळ

@अर्धवाहक, शब्द पेकारांचा हे कबूल. पण लांडाऊंच्या १९३३ च्या टिपणात मिठाच्या स्फटिकाच्या रंगकेंद्रांचा उल्लेख आहे ना? मग रंगकेंद्र म्हणजे जाळीत अडकलेला इलेक्ट्रॉन, आणि तोच पोलॅरॉन, असे म्हणायला काय हरकत आहे?

खडीसाखर

हरकत आहे. ही गल्लत नेहमी होते. रंगकेंद्रातला इलेक्ट्रॉन रिकाम्या जागेत बसलेला असतो. ऋण आयन जिथून निघून गेला तिथे धन प्रभार उरतो, त्याने हा धरलेला. लांडाऊंच्या वेळी हे पक्के झालेले नव्हते. पोलॅरॉन निर्दोष स्फटिकात होतो, त्याला कुठलीही रिकामी जागा लागत नाही, आणि तो आपल्या खड्ड्यासकट फिरतो. पेकारांनी दोन्ही प्रश्न एकाच यंत्राने सोडवले, पण वेगळे ठेवून.

सूक्ष्मदर्शी

रंगकेंद्रांचा विषय निघालाच आहे तर हाताने बघता येईल असे लिहितो. पोटॅशियम क्लोराइडचा पारदर्शक स्फटिक पोटॅशियमच्या वाफेत तापवला की जांभळा होतो. मीठ पिवळसर तपकिरी, पोटॅशियम ब्रोमाइड निळे.

पद्धत अशी: ताजा चिरलेला स्फटिक आणि केरोसिनमधून काढून पुसलेला पोटॅशियमचा तुकडा पोलादी नळीत घालायचा, हवा काढून नळी बंद करायची आणि ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास काही तास ठेवायची. स्फटिक ७७० ला वितळतो, तेव्हा त्याच्या फार जवळ जायचे नाही. नंतर काढून झटकन तांब्याच्या थंड पाटावर. इथेच बहुतेकांचे बिनसते. हळू थंड केले तर केंद्रे गोळा होऊन धातूचे बारीक कण बनतात, आणि जांभळ्याऐवजी मळकट निळसर छटा येते. दुसरी चूक म्हणजे स्फटिक उजेडात ठेवणे. खोलीच्या तापमानाला पांढऱ्या उजेडात सुटी केंद्रे जोडीने चिकटतात आणि तांबड्या बाजूला नवा पट्टा उगवतो. तुकडा काळ्या कागदात, हाताळणी मंद तांबड्या दिव्यात. (पोटॅशियम आणि पाणी यांची गाठ पडू द्यायची नाही, हे वेगळे सांगायला नको. हे प्रयोगशाळेतच करायचे काम आहे.)

केंद्रे किती झाली हे शोषणपट्ट्यावरून मोजतात. दर घन सेंटीमीटरला केंद्रे × दोलकबल (एक केंद्र किती जोरात प्रकाश शोषते त्याचे माप) = ०.८७ × १०चा १७ वा घात × अपवर्तनांक ÷ (अपवर्तनांकाचा वर्ग + २)चा वर्ग × शिखराचा शोषणगुणांक × पट्ट्याची रुंदी. रुंदी इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये, अर्ध्या उंचीवरची. अपवर्तनांक १.४९, दोलकबल ०.८, शोषणगुणांक दर सेंटीमीटरला १० आणि रुंदी ०.३५ घातली तर सुमारे ३ × १०चा १६ वा घात. यंत्र दाखवते ती प्रकाशीय घनता, तिला २.३०३ ने गुणून जाडीने भागायचे विसरले की उत्तर निम्म्याहून कमी येते.

काजवा

त्या ०.३५ रुंदीतच पेकारांचे दुसरे मोठे काम आहे. एका अणूच्या रेषा केसासारख्या बारीक, मग स्फटिकातल्या केंद्राचा पट्टा एवढा रुंद का? १९५० मध्ये पेकार कीव्हमध्ये आणि हुआंग व ऱ्हीस इंग्लंडमध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे एकाच उत्तरावर आले. इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर गेला की आजूबाजूच्या आयनांना नवी समतोल जागा मिळते, आणि एका उडीत जाळीची अनेक कंपने एकदम जागी होतात. निरपेक्ष शून्याला किती कंपने जागी होतील याची वाटणी प्वासाँच्या नियमाने होते. सरासरी संख्या म्हणजेच तो प्रसिद्ध हुआंग–ऱ्हीस गुणक. रशियन लिखाणात या वक्राला सरळ 'पेकारियन' म्हणत.

आकडे घालून बघा. पोटॅशियम क्लोराइडमध्ये अगदी कमी तापमानाला पट्ट्याची रुंदी सुमारे ०.१६ इलेक्ट्रॉनव्होल्ट. रुंदी = २.३६ × गुणकाचे वर्गमूळ × कंपनाची ऊर्जा. कंपनाची ऊर्जा १२ मिलि-ईव्हीच्या आसपास धरली तर गुणक ३० च्या घरात येतो. तापमान वाढले की रुंदीला आणखी एका वर्गमुळाने गुणायचे: कंपनाची ऊर्जा भागिले दुप्पट उष्मीय ऊर्जा, त्याचा अपास्तिक कोटँजंट, त्याचे वर्गमूळ. ३०० केल्विनला ते साधारण २.१ येते, म्हणजे रुंदी ०.३४. वर सूक्ष्मदर्शी यांनी घेतलेल्या आकड्याशी जुळते.

आणि गुणक ३० असेल तर एकही कंपन जागे न करता होणारी उडी दहा लाख कोटींत एक. म्हणून या केंद्राची ती बारीक रेषा वर्णपटात शोधत बसण्यात अर्थ नाही. शोषण २.३ इलेक्ट्रॉनव्होल्टला आणि परत येणारा प्रकाश १.२ ला, मधली जवळजवळ निम्मी ऊर्जा जाळीत जाते.

पण एक टोचणी. स्फटिकाच्या लांबट प्रकाशीय कंपनाची (ज्यात धन आणि ऋण आयन तरंगाच्याच दिशेने एकमेकांविरुद्ध हलतात) ऊर्जा २६.५ मिलि-ईव्ही आहे. पेकारांच्या सलग माध्यमात तेच एक कंपन असते. पट्ट्याची रुंदी मागते १२. म्हणजे केंद्राजवळच्या आयनांची संथ कंपनेही कामाला आहेत, आणि ती सलग माध्यमात बसत नाहीत. वक्राचा आकार टिकला, एकच कंपन ही धारणा टिकली नाही.

अर्धवाहक

@काजवा, नेमके. हाच प्रश्न मुक्त पोलॅरॉनालाही विचारायला हवा: पेकारांची तीव्र जोडणी खऱ्या स्फटिकात असते का?

जोडणीचा गुणक अल्फा असा काढायचा: वर दिलेली परावैद्युतांकांची वजाबाकी × (१३.६०६ इलेक्ट्रॉनव्होल्ट ÷ लांबट कंपनाची ऊर्जा)चे वर्गमूळ × पट्टा-वस्तुमानाचे (जाळी ताठ धरली तर स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनाचे जे वस्तुमान येते त्याचे, मुक्त इलेक्ट्रॉनाच्या पटीत) वर्गमूळ. पोटॅशियम क्लोराइडला ०.२३२ × २२.७ × ०.६५६, म्हणजे ३.४५. गॅलियम आर्सेनाइडला हाच हिशेब ०.०७ च्या आसपास येतो.

आता ऊर्जा. क्षीण जोडणीचे सूत्र म्हणते उणे अल्फा, म्हणजे कंपनाच्या ३.४५ पट खाली, ९१ मिलि-ईव्ही. पेकारांचे सूत्र म्हणते उणे ०.१०८५ × अल्फाचा वर्ग, म्हणजे १.२९ पट, ३४ मिलि-ईव्ही. खालची ऊर्जा खरी धरायची, तेव्हा इथे पेकार हरतात. दोन्ही सूत्रे जिथे एकमेकांना छेदतात तिथे अल्फा ९.२ येतो. अल्कली हॅलाइडे बहुतेक ४ च्या आत आहेत, स्ट्राँशियम टायटनेटसुद्धा ३.८ च्या आसपास.

थोडक्यात, पेकारांचा मुक्त पोलॅरॉन ज्या प्रदेशात राहतो तिथे नेहमीचा एकही स्फटिक नाही.

मृगजळ

मग वस्तुमानाचा निकाल तरी?

अर्धवाहक

तिथेही तेच. लांडाऊ–पेकारांचे वस्तुमान अल्फाच्या चौथ्या घाताने वाढते, ०.०२२७ हा नेमका गुणक. ३.४५ ला ते ३.२ पट येते. क्षीण जोडणीचे सूत्र (१ अधिक अल्फा भागिले ६) १.६ पट देते. फाइनमनची १९५५ ची पद्धत दोन्ही टोकांमधून जाते आणि २.१ च्या आसपास उत्तर देते. सायक्लोट्रॉन अनुनादाने (चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन ज्या वारंवारतेने गोल फिरतो तिच्यावरून) मोजलेले वस्तुमान ०.९२ च्या आसपास आहे, पट्टा-वस्तुमान ०.४३.

इथे एक सापळा आहे. हे ०.४३ थेट मोजलेले नाही. मोजलेल्या ०.९२ मधून सिद्धान्त वापरूनच ते मागे काढलेले आहे. त्यामुळे हे जुळणे म्हणजे सिद्धान्ताची परीक्षा नव्हे. आणि चुकून ०.९२ च पट्टा-वस्तुमान म्हणून सूत्रात घातले तर अल्फा ५ च्या वर जातो आणि एकच परिणाम दोनदा मोजला जातो. जुन्या कोष्टकांत अल्फाचे आकडे वेगवेगळे दिसतात त्याचे एक कारण हेच. दुसरी चूक म्हणजे लांबट कंपनाऐवजी आडव्या कंपनाची ऊर्जा घालणे.

शून्यबिंदू

स्फटिक नाही म्हणून पेकारांचे समीकरण अडगळीत गेले असे मात्र नाही, उलट गणितींनी ते उचलले. १९७७ मध्ये लीब यांनी सिद्ध केले की किमान ऊर्जेचे तरंगफल असतेच आणि (जागा बदलण्यापुरता फरक सोडला तर) ते एकच असते. अल्फा अनंताकडे जाताना मूळ क्वांटम प्रश्नाची ऊर्जा खरोखर पेकारांच्या आकड्याकडेच जाते, हे १९८३ मध्ये डॉन्स्कर आणि वरधन यांनी संभाव्यताशास्त्राने दाखवले. हे वरधन म्हणजे चेन्नईचे, पुढे आबेल पारितोषिक मिळालेले. गुरुत्वाकर्षण आणि क्वांटम यांची सांगड घालताना पेनरोज यांनी वापरलेले समीकरणही हेच, फक्त प्रभाराच्या जागी वस्तुमान.

०.१०८५ हा आकडा स्वतः काढता येतो, अर्ध्या दिवसाचे काम. लांबी अशा एककात घ्या की अल्फा निघून जाईल. मग गोलाकार तरंगफलाला त्रिज्येने गुणून जे फल मिळते त्यासाठी: उणे अर्धा दुसरा अवकलज, वजा २ चे वर्गमूळ × विभव × फल, बरोबर पातळी × फल. विभव दोन तुकड्यांत मोजायचा: त्या त्रिज्येच्या आतला प्रभार भागिले त्रिज्या, अधिक बाहेरच्या प्रत्येक कवचाचा प्रभार भागिले त्याची त्याची त्रिज्या. हिशेबाच्या बिंदूंची जाळी ० ते २०, पायरी ०.०२. सुरुवात गाउसच्या घंटेने, विभव काढा, पातळी सोडवा, फल पुन्हा १ ला आणा, पुन्हा विभव.

पातळी उणे ०.३२५५ वर स्थिरावेल. इथे पुष्कळ जण थांबतात आणि 'उत्तर तिप्पट आले' म्हणून डोके धरतात. ती इलेक्ट्रॉनाची पातळी आहे, एकूण ऊर्जा नव्हे, जाळीची ०.२१७० मिळवायची राहिलेली असते. गतिज ०.१०८५, परस्पर उणे ०.४३४०. खडीसाखर यांचे १ : २ : ३ : ४ इथे तपासणीला उपयोगी पडते: तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत जुळत नसेल तर बिंदूंची जाळी आखूड आहे किंवा पायरी मोठी आहे.

कागदावरच करायचे असेल तर गाउसच्या घंटेने उणे १ भागिले ३π, म्हणजे उणे ०.१०६१ येते. हायड्रोजनसारखे साधे घातांकी फल घेतले तर उणे ०.०९७७. घंटा जास्त जवळ जाते, कारण या खड्ड्याचा तळ गोलसर असतो, अणूसारखा टोकदार नसतो. पेकारांनी घातांकी फलाला एक बहुपदी जोडली ती तळ सपाट करण्यासाठीच, आणि हाताने केलेल्या हिशेबात ते नेमक्या उत्तराला जवळजवळ भिडले.

काजवा

पेकारांचे मला सर्वात धाडसी वाटणारे काम अजून कुणी काढले नाही: १९५७ चे जादा प्रकाशतरंग.

पाठ्यपुस्तकात एका वारंवारतेला, एका ध्रुवणाला एकच अपवर्तनांक असतो. पेकार म्हणाले, एक्सायटॉनच्या (प्रकाशाने उचललेला इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेली रिकामी जागा यांच्या जोडीच्या) ऊर्जेच्या आसपास तसे नाही. एक्सायटॉन स्वतः स्फटिकात सरकतो, त्याला गतिज ऊर्जा असते, म्हणून परावैद्युतांक नुसत्या वारंवारतेवर नव्हे तर तरंगसंख्येवरही अवलंबून राहतो. तो मॅक्सवेलच्या समीकरणात घातला की अपवर्तनांकाच्या वर्गाचे द्विघाती समीकरण येते. मुळे दोन, म्हणून एकाच रंगाचे दोन तरंग एकाच दिशेने, वेगवेगळ्या वेगाने.

मग अडचण येते. आत दोन तरंग, बाहेर परावर्तित एक: अज्ञाते तीन आणि मॅक्सवेलच्या सीमाअटी दोन. पेकारांनी तिसरी अट दिली, की पृष्ठभागावर एक्सायटॉनचे ध्रुवण शून्य. यावर पुढे कितीतरी वर्षे वाद झाले आणि इतरांनी आपापल्या अटी मांडल्या. १९६३ मध्ये हॉपफील्ड आणि थॉमस यांनी कॅडमियम सल्फाइडच्या परावर्तनात एक बारीक टोक दाखवले आणि ते समजावण्यासाठी पृष्ठभागाखाली एक्सायटॉन पोचूच शकत नाही असा पातळ थर मानला. पेकारांची अट मग त्या थराच्या आतल्या काठावर लावायची.

कीव्हमध्ये ब्रोदिन यांच्याबरोबर अँथ्रासीनच्या स्फटिकांवर १९६० च्या सुमारास काम झाले. पुढे पातळ कॅडमियम सल्फाइडमध्ये द्रव हेलियमच्या तापमानाला दोन्ही तरंगांचे व्यतिकरण दिसले, आणि १९७७ मध्ये गॅलियम आर्सेनाइडमध्ये प्रकाशाच्या विखुरण्यावरून दोन्ही शाखा थेट मोजल्या गेल्या. स्फटिक जाड असेल तर जादा तरंग वाटेतच जिरतो, तापमान जास्त असेल तर रेषा फुगून दोन्ही शाखा एकमेकांत मिसळतात. म्हणून एक मायक्रॉनच्या आतले, ताण नसलेले तुकडे लागतात. आधाराला चिकटवलेला तुकडा थंड होताना ताणला जातो आणि एक्सायटॉनची रेषाच सरकते.

सूक्ष्मदर्शी

आणि घराण्याचे काय? शीर्षकात शब्द आहे, धाग्यात अजून नाही.

खडीसाखर

घेतो. तोल्पिगो, दायगेन, क्रिवोग्लाझ, राश्बा. तोल्पिगो यांनी १९५० मध्ये आयनी स्फटिकात प्रकाश आणि जाळीची कंपने एकमेकांत कशी मिसळतात ते काढले. ज्याला आज पोलॅरिटॉन म्हणतात ते हेच. हुआंग यांचे काम त्याच सुमाराचे. दायगेन रंगकेंद्रांच्या चुंबकीय अनुनादाकडे वळले. क्रिवोग्लाझ यांनी पेकारांबरोबर १९५३ मध्ये पट्ट्यांच्या आकाराचा सिद्धान्त तापमानासकट पुढे नेला.

राश्बा कीव्हचेच, जन्म १९२७. स्पिन (इलेक्ट्रॉनाची अंगभूत फिरकी) आणि गती यांच्या जोडणीमुळे त्यांचे नाव आज सर्वतोमुखी आहे, ते काम १९५९–६० चे. पण १९६४ मध्ये पेकार आणि राश्बा यांनी मिळून लिहिलेला एक लेख कमी वाचला जातो. चुंबकीय क्षेत्र जागोजागी बदलत असेल तर विद्युतक्षेत्रानेही स्पिन उलटवता येतो: विद्युतक्षेत्र इलेक्ट्रॉनाला पुढेमागे हलवते, आणि हलताना त्याला बदलते चुंबकीय क्षेत्र जाणवते. त्या वेळी ही कागदावरची गंमत होती. आज सिलिकॉनच्या क्वांटम ठिपक्यांशेजारी कोबाल्टचा सूक्ष्म चुंबक ठेवून स्पिन फिरवतात ते याच तत्त्वाने.

मृगजळ

पेकारांना सोव्हिएत म्हणायचे की युक्रेनियन?

अर्धवाहक

जन्म, शिक्षण, नोकरी, मृत्यू सगळे कीव्हमध्ये; अकादमी युक्रेनची; लेख रशियनमधले, मॉस्कोच्या नियतकालिकातले. दोन्ही खरे. लांडाऊ खारकीव्हहून मॉस्कोला गेले, राश्बा १९६६ मध्ये चेर्नोगोलोव्हकाला आणि पुढे अमेरिकेला. पेकार कीव्हलाच राहिले, म्हणून मी युक्रेनियन लिहितो.

@शून्यबिंदू, पायरी ०.०२ ठीक, पण बिंदूंची जाळी शून्यावर सुरू केली तर विभवात शून्याने भागाकार होतो. पहिला बिंदू ०.०२ वर घ्या आणि शून्यावर फल शून्य ही अट वेगळी लावा.

शून्यबिंदू

बरोबर, ते लिहायचे राहिले. शिवाय २० च्या टोकालाही फल शून्य धरायचे. तिथे ते जवळजवळ शून्यालाच पोचलेले असते, त्यामुळे उत्तरात फरक पडत नाही. १० वर तोडले तर मात्र शेवटचे आकडे हलायला लागतात.